सेकंदाचा लाखावा भाग

मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत हिवाळ्याच्या सुमारास अधूनमधून एक छोटी सूचना छापून येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) हैदराबादच्या केंद्रातून मोठे फुगे सोडले जाणार आहेत, त्यांना टांगलेली शास्त्रीय उपकरणे रंगीत हवाई छत्रीने खाली येतील, ती कुणाच्या शेतशिवारात सापडली तर उघडू नयेत, जागेवरून हलवू नयेत, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे, असा तिचा आशय असतो. हैदराबादपासून बीड सरळ रेषेत सुमारे ३४० किलोमीटरवर आहे, अंबाजोगाई सुमारे २७० किलोमीटरवर. फुगा चाळीसेक किलोमीटर उंचीवर पोचला आणि वरचा वारा पूर्वेकडून पश्चिमेला वाहत असला, की त्याचा रोख आपल्याकडेच असतो.

सूचना वाचून आपण पान उलटतो. त्या डब्यांत काय असते, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. उत्तर दरवेळी वेगळे असते. पण १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची बरीच वर्षे त्यांतल्या काही डब्यांत आकाशातले क्ष-किरण मोजणारी उपकरणे होती. त्याच कुळातले एक उपकरण २०१५ मध्ये ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावर बसून अवकाशात गेले. क्ष-किरणांचा एकेक कण कोणत्या क्षणी आला, याची नोंद ते दहा मायक्रोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या अचूकतेने करते. इतका वेग एका दिवसात आलेला नाही. तो कसा आला, त्याचा हा मागोवा.

नळी आणि तार

१८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, तेव्हा ते टिपण्याचे साधन होते फोटोची काच. काचेवर सावली उमटते, हाताची हाडे दिसतात. पण कोणता किरण केव्हा येऊन धडकला, हे काच सांगू शकत नाही. मोजदादीची युक्ती १९०८ मध्ये मँचेस्टरला निघाली. अर्नेस्ट रदरफर्ड आणि हान्स गायगर यांनी धातूची एक नळी घेतली, तिच्या मधोमध बारीक तार ताणली, आत वायू भरला आणि नळी व तार यांच्यात मोठा विद्युतदाब ठेवला. त्यांना अल्फा कण मोजायचे होते. कण आत शिरला की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेकडे धावतात. तारेच्या अगदी जवळ विद्युतक्षेत्र इतके तीव्र असते, की धावते इलेक्ट्रॉन वाटेतल्या अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, ते आणखी काही सोडवतात, आणि तारेत मोजता येईल एवढा विजेचा ठोका उमटतो.

गायगर आणि त्यांचे विद्यार्थी वाल्थर म्युलर यांनी १९२८ मध्ये या नळीला जे रूप दिले, ते आज शाळेच्या पुस्तकातही सापडते. तिच्यात दोन उणिवा होत्या. कण दुबळा असो की जोरकस, ठोका सारखाच उमटे. आणि एक ठोका झाला की नळी बराच वेळ आंधळी होई. उपाय सोपा होता: विद्युतदाब थोडा उतरवायचा. मग तारेजवळचा इलेक्ट्रॉनांचा लोंढा आटोक्यात राहतो, ठोक्याची उंची आलेल्या किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात येते आणि नळी लवकर पुन्हा तयार होते. याला प्रपोर्शनल काउंटर म्हणतात. पुढच्या सगळ्या कथेची ही मूळ पेटी.

आकाशातले क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, वरच्या हवेतच ते शोषले जातात. त्यामुळे पेटी वर न्यावी लागते. १९४९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट फ्रीडमन यांनी जर्मनांकडून हाती आलेल्या व्ही-२ अग्निबाणावर गायगर नळ्या बसवून सूर्याचे क्ष-किरण नोंदवले. सूर्य जवळचा, दूरच्या ताऱ्यांकडून काही हाती लागेल, अशी आशा फारच थोड्यांना होती. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जाकोनी, हर्बर्ट गर्स्की, फ्रँक पाओलिनी आणि ब्रुनो रोसी यांच्या गटाने न्यू मेक्सिकोतून एरोबी अग्निबाण सोडला. उद्देश सांगितला होता चंद्राकडून येणारे क्ष-किरण शोधण्याचा. अग्निबाण पुरेशा उंचीवर सहा मिनिटेही नव्हता. तेवढ्यात वृश्चिक राशीच्या दिशेने क्ष-किरणांचा असा झोत मिळाला, की सगळा हिशेबच बदलला. त्या स्रोताचे नाव पडले स्कॉर्पियस एक्स-१. जाकोनी यांना यासाठी २००२ मध्ये नोबेल मिळाले.

रोसींकडून मुंबईला

ब्रुनो रोसी हे मुळात विश्वकिरणांचे, म्हणजे कॉस्मिक किरणांचे अभ्यासक. होमी भाभाही त्याच विषयातले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा विश्वकिरण हा तिचा घरचाच विषय होता, आणि विश्वकिरणांसाठी उंचावर उपकरणे न्यायची तर फुगे हवेत. आधी रबरी फुगे उडाले, मग प्लॅस्टिकचे. मोठे प्लॅस्टिक फुगे परदेशातून आणणे परवडणारे नव्हते, म्हणून ते बनवण्याचे कसब संस्थेनेच कमावले. या कामात जी. एस. गोखले यांचे नाव ठळक आहे.

हैदराबादची निवड सोयीपुरती नव्हती. हे ठिकाण पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. तिथे पृथ्वीचे चुंबकत्व कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांना परतवून लावते, त्यामुळे क्ष-किरणांच्या नोंदीत मिसळणारा कचरा कमी असतो. सुरुवातीची उड्डाणे उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून होत. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ उभे राहीपर्यंत मराठवाड्यातली महाविद्यालये याच उस्मानियाशी जोडलेली होती. १९५६ पर्यंत तर बीड जिल्हाच हैदराबाद राज्यात होता. फुग्यांची ही जागा आपल्यासाठी परमुलुखातली नव्हती, हे सहसा ध्यानात येत नाही.

क्ष-किरणांचा धागा इथे जोडला तो बी. व्ही. श्रीकांतन यांनी. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली खोलवर विश्वकिरण मोजणारे हे गृहस्थ १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रोसींच्या गटात होते. स्कॉर्पियस एक्स-१ आकाशात नेमका कुठे आहे, हे सांगणाऱ्या १९६६च्या शोधनिबंधावर जाकोनी, गर्स्की आणि मिनोरू ओडा यांच्यासोबत श्रीकांतन यांचेही नाव आहे. मुंबईला परतल्यावर त्यांनी हैदराबादच्या फुग्यांना क्ष-किरणांची उपकरणे टांगायला घेतली.

१९६९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या गटाचा निबंध आला. विषय होता स्कॉर्पियस एक्स-१च्या जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांतले जलद चढउतार. लेखकांच्या नावांत अग्रवाल, बिस्वास, गोखले, अय्यंगार, कुंटे, मनचंदा आणि श्रीकांतन होते. या यादीतले पहिले नाव लक्षात ठेवावे. पी. सी. अग्रवाल पुढे ॲस्ट्रोसॅटच्या काळापर्यंत या कथेत आहेत. ‘जलद’ हा शब्दही लक्षात ठेवावा. त्या वेळी जलद म्हणजे मिनिटांच्या हिशेबातले; पण तारा चमकतो किती, यापेक्षा तो बदलतो किती लवकर, ही विचारणा तेव्हापासूनच सुरू झाली होती.

फुग्याची मर्यादा उघड होती. चाळीस किलोमीटरवरही थोडी हवा उरतेच, आणि सुमारे २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे क्ष-किरण ती गिळते. म्हणून जास्त ऊर्जेचे किरण अडवू शकेल असा जड वायू हवा. तो म्हणजे झेनॉन. १९८०च्या दशकात ए. आर. राव, अग्रवाल, मनचंदा आणि एम. आर. शाह यांनी एकाच पेटीत अनेक तारा ओळीने ताणलेले, झेनॉन भरलेले मोठे काउंटर बनवून फुग्यांवरून उडवले. अनेक तारांच्या पेटीची कल्पना जगात रुजली होती ती जॉर्जेस शार्पाक यांच्यामुळे. १९६८ मध्ये त्यांनी जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत ती मांडली आणि १९९२ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळाले.

वेग म्हणजे नक्की काय

वेगवान शोधक का हवा, हे न्यूट्रॉन ताऱ्याच्या आकारावरून कळते. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासात कोंबलेले असते. त्याच्या पृष्ठभागाजवळून फिरणारे द्रव्य एक फेरी मिलिसेकंदाहूनही कमी वेळात पुरी करते. सोबतच्या ताऱ्याकडून ओढलेला वायू या भोवऱ्यात तापतो आणि क्ष-किरण फेकतो. त्या क्ष-किरणांच्या लुकलुकीत फेऱ्यांची लय दडलेली असते. ती पकडायची तर मिलिसेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ नोंदवणारे घड्याळ प्रत्येक कणाला लागते. ताऱ्यापासून बनलेल्या कृष्णविवराच्या काठची हालचाल वाचण्याचा मार्गही हाच. दुर्बिणीने त्याचे चित्र काढायला ते फार लहान आणि फार दूर आहे. त्याची लय मात्र मोजता येते.

घड्याळ चांगले असले म्हणजे भागले, असे नाही. तीन गोष्टी एकदम साधाव्या लागतात.

पहिली, क्षेत्रफळ. मिलिसेकंदात काय घडले ते सांगायचे तर त्या मिलिसेकंदात काही कण हाती यायला हवेत. तेजस्वी स्रोताकडूनही दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाकाठी मोजकेच कण येतात. म्हणून पेटीचे तोंड जितके मोठे तितके बरे. जलद शोधक आकाराने अवाढव्य असतात ते यामुळे.

दुसरी, डेड टाइम. एका कणाचा ठोका मोजून, त्याची ऊर्जा ठरवून नोंद करेपर्यंत पेटी दुसरा कण घेऊ शकत नाही. हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एका वेळी एकच ट्रॅक्टर चढतो, बाकीचे रांगेत थांबतात. इथे फरक असा, की कण रांगेत थांबत नाहीत, नोंद न होता निघून जातात. ॲस्ट्रोसॅटवरच्या पेटीचा हा काळ सुमारे ४२ मायक्रोसेकंद आहे. सेकंदाला १,००० कण आले तर सुमारे ४ टक्के निसटतात. दहा हजार आले तर जवळजवळ तिसरा हिस्सा जातो, आणि हिशेब करताना तो परत जुळवून घ्यावा लागतो.

तिसरी, कचरा ओळखणे. अवकाशात विश्वकिरणांचा मारा अखंड असतो. ते पेटीतून आरपार जातात आणि एकापेक्षा जास्त तारांवर ठोके उमटवतात. क्ष-किरण बहुधा एकाच तारेच्या कोष्ठात विरतो. म्हणून पेटीच्या कडांना आणि तळाला पहारेकरी तारांचा एक थर ठेवतात. पहारेकरी आणि आतली तार एकदम वाजल्या, की ती नोंद बाद. हा निर्णय मायक्रोसेकंदांत, माणसाला न विचारता व्हावा लागतो.

उपग्रहावरची पहिली पावले

१९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून उडालेल्या ‘आर्यभट’ या पहिल्या भारतीय उपग्रहावरही क्ष-किरणांचा प्रयोग होता. वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने तो काही दिवसांतच थांबला. जगात तोवर ‘उहुरू’ने बाजी मारली होती. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून उडालेल्या या अमेरिकी उपग्रहावर दोनच प्रपोर्शनल काउंटर होते. त्यांनी तीनशेहून अधिक स्रोतांची यादी दिली, आणि सेंटॉरस एक्स-३ हा स्रोत दर ४.८ सेकंदांनी धडधडतो हे दाखवले. सोबतच्या ताऱ्याकडून वायू ओढणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे फिरणे क्ष-किरणांच्या वेळेच्या मोजणीतून दिसू लागले ते तेव्हापासून.

भारताची पुढची मोठी संधी दोन दशकांनी आली, तीही दुसऱ्याच्या गाडीत बसून. २१ मार्च १९९६ रोजी पीएसएलव्ही अग्निबाणाने ‘आयआरएस-पी३’ हा उपग्रह नेला. त्याचे मुख्य काम पृथ्वीची पाहणी. सोबत टीआयएफआरचे प्रत्येकी ४०० चौरस सेंटिमीटरचे तीन प्रपोर्शनल काउंटर आणि इस्रोचे आकाशावर नजर ठेवणारे एक उपकरण. कक्षा ध्रुवांवरून जाणारी, म्हणजे भारित कणांच्या पट्ट्यांतून वारंवार ये-जा, आणि ताऱ्यांकडे रोखून राहायला वर्षातले थोडेच दिवस. तरीही या लहान उपकरणाने एक मोलाची गोष्ट पाहिली. जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवर आणि तारा यांच्या जोडीत क्ष-किरण सावकाश चढत आणि एकदम कोसळत, आणि हे चक्र पुन्हापुन्हा घडे. १९९८ मध्ये बिस्वजित पॉल, अग्रवाल, राव, जे. एस. यादव आणि सहकाऱ्यांनी मांडले, की हे एकदम कोसळणे म्हणजे कृष्णविवराच्या सीमेआड द्रव्य नाहीसे होण्याची खूण असू शकते. अर्थाबद्दल वाद होऊ शकतो. पण उतार किती तीव्र आहे हे दाखवायला वेळेची अचूक मोजणीच लागली.

त्याच सुमारास, ३० डिसेंबर १९९५ रोजी, अमेरिकेचा ‘रोसी एक्स-रे टाइमिंग एक्स्प्लोरर’ अवकाशात गेला. नाव त्याच ब्रुनो रोसींचे, आणि पेट्या झेनॉनच्याच. पाच पेट्या मिळून सुमारे ६,५०० चौरस सेंटिमीटर. न्यूट्रॉन ताऱ्यांभोवतीची सेकंदाला हजारापर्यंत जाणारी लुकलुक त्याने १९९६ मध्ये दाखवली. जानेवारी २०१२ मध्ये तो बंद झाला. एवढ्या मोठ्या क्षेत्रफळाची, वेळ मोजणारी पेटी त्यानंतर जगात कुणाकडे उरली नव्हती.

लॅक्सपीसी

ती जागा भारताने भरली. ॲस्ट्रोसॅटची कल्पना १९९६च्या प्रयोगानंतर पुढे आली, सरकारी मंजुरी २००४ मध्ये मिळाली आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने तो ६५० किलोमीटर उंचीवर नेऊन सोडला. या खेपेस कक्षा विषुववृत्ताला फक्त ६ अंशांनी कललेली होती. आयआरएस-पी३च्या वेळी भोगलेला भारित कणांचा त्रास आणि हैदराबादच्या फुग्यांनी शिकवलेला चुंबकीय अक्षांशाचा धडा, दोन्ही या निवडीत आहेत.

उपग्रहावरचे सर्वांत जड उपकरण म्हणजे लार्ज एरिया एक्स-रे प्रपोर्शनल काउंटर, थोडक्यात लॅक्सपीसी. तीन पेट्या, मिळून चारशेहून अधिक किलो. प्रत्येक पेटीत तीन सेंटिमीटर रुंद, तीन सेंटिमीटर उंच आणि एक मीटर लांब अशी कोष्ठे. पाच थरांत बारा-बारा, म्हणजे साठ. प्रत्येक कोष्ठाच्या मधोमध सोन्याचा मुलामा दिलेली पोलादी तार, जाडी केसापेक्षाही कमी. आत ९० टक्के झेनॉन आणि १० टक्के मिथेन, दोन वातावरणांच्या दाबाने भरलेले. झेनॉन क्ष-किरण अडवतो. मिथेन तारेजवळचा लोंढा वेळेत शमवतो. १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक कण झेनॉनमध्ये विरला की साडेचारशेच्या आसपास इलेक्ट्रॉन सुटतात. दीड सेंटिमीटरच्या आत तार असल्याने ते काही मायक्रोसेकंदांत तिथे पोचतात. मोठी पेटी लहान कोष्ठांत विभागण्याचे एक कारण हेच: क्षेत्रफळ मोठे ठेवूनही इलेक्ट्रॉनांची धाव आखूड राहते.

खरी कसोटी होती खिडकीची. क्ष-किरण आत यावेत म्हणून पेटीचे तोंड फक्त ५० मायक्रॉन जाडीच्या मायलर या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याने बंद केले आहे. बाहेर निर्वात, आत दोन वातावरणांचा दाब; चौरस मीटरला सुमारे २० टनांचा रेटा. म्हणून पापुद्र्याला बाहेरून धातूच्या जाळीदार चौकटीचा आधार आहे. तीच चौकट आकाशातला जेमतेम एक अंशाचा तुकडा नजरेत ठेवायलाही मदत करते. दुसरी कसोटी शुद्धतेची. पेटीच्या भिंतींतून आणि जोडांतून ऑक्सिजन, पाण्याची वाफ हळूहळू झिरपते, आणि हे रेणू तारेकडे धावणारे इलेक्ट्रॉन वाटेतच पकडतात. मग ठोका बुटका होतो, ऊर्जा चुकीची वाचली जाते. उपाय म्हणून वायू फिरवून स्वच्छ करणारी यंत्रणा उपग्रहावरच बसवली गेली.

हे काम मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये झाले. प्रमुख होते अग्रवाल, पुढे धुरा यादव आणि एच. एम. अंतिया यांनी वाहिली. १९६९च्या निबंधावरचे पहिले नाव आणि २०१५च्या उपकरणामागचे नाव एकच असणे हा योगायोग नव्हे. अशा पेट्या बनवण्याचे ज्ञान निबंधांत पुरते उतरत नाही. तार किती ताणायची, चिकटवलेला जोड गळतो कुठे, कोणता ठोका खरा आणि कोणता विजेच्या मंडलाचा, हे हाताखाली काम करत शिकावे लागते. फुग्यावरची पेटी शेतात पडून परत आली की ती उघडून काय बिघडले हे पाहता येई. उपग्रह परत येत नाही. आधीच्या पिढीने उघडलेल्या पेट्यांच्या भरवशावर तो पाठवावा लागतो.

निकाल आले. ४यू १७२८-३४ या न्यूट्रॉन ताऱ्याच्या स्फोटात सेकंदाला ३६३ वेळा होणारी लुकलुक लॅक्सपीसीने टिपली, आणि त्याच ताऱ्यात आठशेच्या वरची दुसरी लयही. जीआरएस १९१५+१०५ची ६७ हर्ट्झची जुनी ओळखीची लय ७२ हर्ट्झपर्यंत सरकते, हे २०१९ मध्ये टोमासो बेलोनी, दीपंकर भट्टाचार्य, वरुण भालेराव, संतोष वडवळे, यादव आणि सहकाऱ्यांनी दाखवले. दुखणीही आली. तीनपैकी एका पेटीतला वायू गळत गेला आणि मार्च २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. दुसरीचे वर्तन बेभरवशाचे झाले. तिसरी टिकली. वायूच्या पेटीचे भवितव्य खिडकीच्या पापुद्र्यावर आणि जोडांवर अवलंबून असते, हा १९०८ पासूनचा नियम अवकाशातही सुटला नाही.

एकाच उपग्रहावर तीन पिढ्या

ॲस्ट्रोसॅटवर लॅक्सपीसीशेजारी इतरही उपकरणे आहेत. त्यांतल्या दोहोंकडे पाहिले की या कुळाच्या शाखा कळतात.

एक, सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप. के. पी. सिंग यांच्या गटाने टीआयएफआरमध्ये सोन्याचा लेप दिलेले आरसे बनवले आणि इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाने सीसीडी कॅमेरा दिला. हा खरे चित्र काढतो. पण सीसीडीत साठलेला विद्युतभार एकेक ओळ सरकवत बाहेर काढावा लागतो, त्यामुळे एका पूर्ण चित्राला सुमारे २.४ सेकंद लागतात. तेवढ्यात लॅक्सपीसीच्या घड्याळाचे दोन लाखांहून अधिक ठोके पडून जातात. स्रोत तेजस्वी असेल तर चित्राच्या एकाच चौकोनात (पिक्सेलमध्ये) दोन कण एका वाचनात पडतात आणि कॅमेरा त्यांना जास्त ऊर्जेचा एकच कण समजतो. अमेरिकेच्या ‘चंद्रा’ दुर्बिणीचा कॅमेराही नेहमीच्या वापरात ३.२ सेकंदांनी एकदा वाचला जातो. सुबक चित्र आणि चपळ घड्याळ एकाच उपकरणात बसवणे, हे आजही जगभरच्या शोधक बनवणाऱ्यांपुढचे कठीण गणित आहे.

दुसरे, कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर, म्हणजे सीझेडटीआय. वायूऐवजी इथे स्फटिक आहे. ६४ तुकडे, प्रत्येकात २५६ चौकोन, एकूण १६,३८४. वेळेची अचूकता २० मायक्रोसेकंद. ए. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली टीआयएफआर, पुण्याची आयुका, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि इस्रोची केंद्रे यांनी ते उभे केले. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते सुरू झाले आणि त्याच दिवशी त्याने गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. त्यानंतर अशा स्फोटांची संख्या पाचशेपलीकडे गेली. सेकंदाला तीस वेळा फिरणाऱ्या क्रॅब स्पंदक या न्यूट्रॉन ताऱ्याच्या एकाच फेरीत क्ष-किरणांचे ध्रुवीकरण कसे बदलते, हे २०१७ मध्ये वडवळे आणि सहकाऱ्यांनी याच उपकरणातून दाखवले.

वायूची पेटी आता माघारीला लागली आहे, यात शंका नाही. १९८०च्या दशकात एमिलिओ गाट्टी आणि पावेल रेहाक यांनी सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर मांडला. त्यात तारेचे काम सिलिकॉनच्या चकतीतले एक लहानसे टोक करते आणि विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनांना तिथवर ओढत नेते. अमेरिकेचे ‘नायसर’ हे उपकरण २०१७ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर असेच शोधक वापरते, आणि त्याची वेळेची अचूकता ३०० नॅनोसेकंदांच्या आत आहे. चांद्रयान-२ वरचे सूर्याचे क्ष-किरण मोजणारे अहमदाबादचे उपकरणही याच जातीचे. तरी जुनी शाखा वठलेली नाही. १ जानेवारी २०२४ रोजी गेलेल्या ‘एक्सपोसॅट’ या भारतीय उपग्रहावरचे पोलिक्स हे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे उपकरण प्रपोर्शनल काउंटरवरच चालते, आणि त्याचे प्रमुख आहेत १९९८च्या निबंधाचे पहिले लेखक बिस्वजित पॉल.

पुढचे पान

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पोचल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. सीझेडटीआयला तो दिसला नाही, कारण मध्ये पृथ्वी होती. एकाच उपग्रहाची ही अडचण ओळखून आयआयटी मुंबईचे भालेराव आणि टीआयएफआर, आयुका, अहमदाबाद व बंगळुरूच्या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी ‘दक्ष’ची योजना मांडली आहे. पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे आकाशाचा कोणताही भाग आड राहणार नाही. त्यांवर सिलिकॉन, स्फटिक आणि सोडियम आयोडाइड, तिन्ही जातींचे शोधक.

गुरुत्वीय लहरी पकडणारी भारतातली वेधशाळा, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. परळी वैजनाथ आणि औंढा नागनाथ अशी दोन ज्योतिर्लिंगे एका फेरीत करणाऱ्या मराठवाड्याच्या भाविकांना तो परिसर ठाऊक आहे. लहर औंढ्याला नोंदली जाईल, आणि तिच्या मागोमाग येणारा प्रकाश पकडायला वर वेगवान शोधक हवा. लायगो उभी राहील आणि ‘दक्ष’ कागदावरच राहील, तर अर्धीच गोष्ट आपली असेल.

१९६९ ते २०१५ या काळात या कुळात मोठा खंड पडू दिला गेला नाही. उपग्रह मिळाला नाही तेव्हा फुगे उडत राहिले, स्वतंत्र उपग्रह मिळाला नाही तेव्हा दुसऱ्याच्या उपग्रहावर जागा मागितली गेली. लॅक्सपीसी हे त्या चिकाटीचे फळ. दोन उपकरणांमध्ये फार वर्षे गेली तर पैसा नंतर उभा राहील, हात मात्र उरणार नाहीत. म्हणून पुढची पेटी लवकर मंजूर होणे, ती मोठी असण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे.

आणि एक गोष्ट बीड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांसाठी. ॲस्ट्रोसॅटच्या जुन्या नोंदी २०१८ पासून इस्रोने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. नाव नोंदवले की त्या संगणकावर उतरवून घेता येतात, त्या वाचायच्या संगणकीय आज्ञावल्याही मोफत मिळतात, आणि आयुका त्याबद्दल शिक्षक-विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. बीडचे बलभीम, अंबाजोगाईचे योगेश्वरी किंवा परळीचे वैद्यनाथ महाविद्यालय असो, भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी क्रॅब स्पंदकाच्या ३३ मिलिसेकंदांच्या फेऱ्या लॅक्सपीसीच्या नोंदींतून स्वतः शोधून काढणे आज शक्य आहे. त्याला लागतो एक साधा संगणक, इंटरनेट आणि मागे लागणारा एखादा शिक्षक. या वर्षी एका तरी महाविद्यालयाने हा प्रकल्प हाती घ्यावा.